सिस्टरना विचारा : कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर?

(गेल्या अंकात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर अर्ध्या पानाचं टिपण आलं होतं, त्यात एवढंच म्हटलं होतं की उपचार मिळाला नाही तर बाईचा जीव दोनेक तासांतही जाऊ शकतो. त्यावर पत्रांचा आणि व्हॉट्सअॅपचा ढीग पडला. बहुतेकांचा प्रश्न एकच, वेळेत पोचायचं कसं आणि पोचल्यावर पटकन हात लागायचा कसा. कोल्हापुरात लेबर रूममध्ये नोकरी करून रिटायर झालेल्या आमच्या सिस्टरनी निवडक पत्रांना उत्तरं दिली आहेत.)

सिस्टर, आमचं गाव गगनबावडा रोडपासून आत आहे. सुनेचे पुढच्या महिन्यात दिवस भरतायत, पहिलटकरीण आहे. मुलगा म्हणतो आपल्या गाडीनं सरळ कोल्हापूर गाठायचं, आमचे हे म्हणतात आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं. कुणाचं ऐकू? — एक सासूबाई

सासूबाई, दोघांचं ऐकू नका, आधी सुनेचं कार्ड बघा, ते माता बाल संरक्षण कार्ड असतं ना आशाताईंनी दिलेलं, ते. त्यात रक्त किती आहे, बीपी १४०/९० च्या वर कधी गेलंय का, सोनोग्राफीत वार खाली आहे असं लिहिलंय का, बाळ पायाळू आहे का, जुळं आहे का. यातलं काहीही असेल तर मुलाचं बरोबर, मधे कुठं थांबायचंच नाही, जिथं रात्रीसुद्धा थिएटर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त तिन्ही मिळतंय तिथंच न्यायचं, आणि खरं तर कळांची वाट बघत गावात थांबायचंच नाही, आठ-दहा दिवस आधीच कोल्हापुरातल्या पाहुण्यांकडं आणून ठेवायचं. यातलं काही नसेल तर तुमच्या ह्यांचं बरोबर, पहिलटकरणीला सहसा बरेच तास मिळतात, जवळच्या दवाखान्यात सिस्टरनी तपासून पुढं पाठवलं तर ते अंदाजापेक्षा कधीही चांगलं.

पण तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. मुलगा एक म्हणतो, हे एक म्हणतात, आणि रात्री दोनला कळा सुरू झाल्यावर हीच चर्चा परत सुरू होणार, मग माहेरी फोन, मग थोरल्या दिरांना उठवा, मग गाडीत डिझेल आहे का. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या संशोधकांनी बाळंतपणातल्या उशिराचे तीन टप्पे मांडले होते, न्यायचं ठरवण्यात गेलेला वेळ, पोचण्यात गेलेला वेळ आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात गेलेला वेळ. आपण सगळे मधल्या टप्प्यावरच भांडतो, रस्ता खराब, खड्डे, अॅम्ब्युलन्स नाही. ते खरंच आहे पण पहिला आणि तिसरा टप्पा आपल्या हातात असतो आणि तिथंच लई वेळ जातो.

तेव्हा आज दुपारी जेवण झाल्यावर ठरवून टाका, कुठं न्यायचं, ते नाही जमलं तर कुठं, आणि "चला" कुणी म्हणायचं. माझं ऐकाल तर ते सुनेनं म्हणायचं. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, यातलं काहीही झालं की तिनं चला म्हणायचं आणि बाकीच्यांनी चपला घालायच्या.

१०८ ला फोन आधी लावायचा, मग पिशवी शोधायची. २०१४ पासून ही सेवा चालू आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. फक्त फोन उचलणारा माणूस तुमच्या गावचा नसतो हे ध्यानात ठेवा, त्याला "मारुतीच्या देवळामागं" सांगून कळत नाही, तालुका, मेन रोडचं गाव आणि फाटा सांगायचा, आणि एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करायचं. गाडी फाट्यावरनं पुढं जाऊन परत फिरली की तुमची पंधरा मिनिटं गेली. आपल्या गाडीनं निघालात तर तिला डाव्या कुशीवर झोपवा, आणि दवाखान्याला वाटेतनंच फोन करून विचारा की सिझर करणारे डॉक्टर आणि भूल देणारे आत्ता आहेत का. "दवाखाना चालू आहे का" असं विचारू नका, दवाखाना चालूच असतो हो.

आमचं शहरात छोटं मॅटर्निटी हॉस्पिटल आहे, मी तिथं मॅनेजर आहे. इमर्जन्सी सिझरला आमच्याकडं निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत कधी चाळीस मिनिटं, कधी तासाच्या वर जातो. मालक डॉक्टर म्हणतात नवीन टेबल आणि मॉनिटर घेऊ. त्यानं फरक पडेल का?

टेबल घ्या, चांगलंच आहे, पण वेळ टेबलावर जात नाहीये तुमचा.

आई किंवा बाळाच्या जिवाला तात्काळ धोका असेल तर निर्णय ते बाळ बाहेर हा वेळ ३० मिनिटांत बसवावा असा मापदंड बऱ्याच ठिकाणी धरतात, त्याखालच्या घाईला ७५ मिनिटं. म्हणजे प्रत्येक सिझर पळत करायचं नाही, आणि कुठलं पळत करायचं हे एका शब्दात सगळ्यांना कळलं पाहिजे. तुमच्याकडं डॉक्टर "जरा लवकर घेऊया" म्हणत असतील तर त्या "जरा लवकर" चा अर्थ वॉर्डबॉय एक काढतो, सिस्टर दुसरा काढते.

आधी एक महिना काही खरेदी न करता फक्त वेळ लिहा. केसपेपरच्या मागच्या पानावर, पेनानं. पेशंट गेटमधनं आत आली ती वेळ, सिस्टरनं हात लावला ती वेळ, मॅडमना फोन गेला, निर्णय झाला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना फोन गेला, ते आले, पेशंट थिएटरच्या दारात, बाळ बाहेर. भिंतीवरच्या एकाच घड्याळाची वेळ घ्यायची, प्रत्येकाच्या मोबाइलची नाही. महिन्याअखेरी सगळे कागद टेबलावर पसरून बसा चहा घेत, आणि कुणाला दोष द्यायचा नाही असं आधीच सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सगळ्या वेळा गोड गोड लिहून येतील. (हे मी बघितलंय. सगळे आकडे पाचच्या पटीत आले की ओळखायचं रात्री शेवटी बसून भरलेत.)

मी पैजेवर सांगते काय सापडेल. पहिलं, फोन एकामागनं एक जातात. सिस्टर मॅडमना करते, मॅडम भूल देणाऱ्यांना करतात, ते दुसऱ्या हॉस्पिटलात केस लावून बसलेले, मग दुसऱ्यांना, मग बाळाच्या डॉक्टरांना. त्यापेक्षा निर्णयाचा शब्द उच्चारला की सिस्टरनं एकाच वेळी दोघा-तिघांकडनं फोन लावायचे, कुणाला विचारायचं नाही, ती मुभा तिला लेखी द्या. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर "अर्जंट एलएससीएस" (म्हणजे सिझर) टाकून मोकळं व्हायचं बंद करा, निळी टिक म्हणजे माणूस निघाला असं नसतं.

दुसरं, सही. आमच्याकडं कोल्हापुरात हे फार, "दादा कागलातनं निघालेत, ते आल्याशिवाय सही नको." बाई सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, तर तिची स्वतःची सही कायद्यानं पुरते, नवऱ्याची सुद्धा लागत नाही. हे नातेवाइकांना ऐनवेळी सांगायला गेलं की भांडण होतं म्हणून नाव नोंदवतानाच, सातव्या महिन्यात, नवरा-बायको दोघांना समोर बसवून सांगायचं, की असं झालं तर थांबणार नाही.

तिसरं, बारीकसारीक गोष्टी, ज्या कुणाच्या डोक्यात येत नाहीत. थिएटरची किल्ली रात्री कुणाकडं असते? लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसतं का तिरकं करावं लागतं? डिपॉझिटची पावती फाडल्याशिवाय काउंटरवरचा पोरगा फाइल सोडतो का? रक्ताचं सॅम्पल कोण घेऊन जातं, त्याच्या गाडीत पेट्रोल असतं का? एका ठिकाणी मी बघितलं, स्पायनलच्या, म्हणजे पाठीतनं भूल द्यायच्या सुया कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली दिवसपाळीच्या इनचार्जच्या पर्समध्ये आणि पर्स तिच्या घरी.

आणि रक्तस्रावाचा डबा वेगळा करा. एक प्लास्टिकचा लाल डबा, त्यात जाड नंबरचे आयव्ही कॅन्युला (शिरेत लावायच्या सुया), सलाइन सेट, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड (रक्त थांबवायचं औषध), कॅथेटर (लघवीची नळी), सॅम्पलच्या बाटल्या, हातमोजे, आणि झाकणावर चिठ्ठी की ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवायचं इंजेक्शन) फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात आहे, कारण ते २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, ट्रेमध्ये उन्हाळाभर पडून राहिलेलं टोचलं तर पाणी टोचल्यासारखं. ट्रॅनेक्झॅमिक बाळ झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचं आणि जितकं लवकर तितकं बरं, २०१७ च्या मोठ्या अभ्यासानंतर हे पक्कं झालंय.

अजून एक सांगते, हे तुमच्या मालकांना वाचून दाखवा. केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथल्या हॉस्पिटलांत एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये निकाल आला. बाळंतिणीखाली माप असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवायची म्हणजे रक्त किती गेलं ते डोळ्याला दिसतं, आणि ठरावीक रेषेवर गेलं की गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक, सलाइन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एक करून बघू मग दुसरं असं नाही. एवढ्यावर गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडायची वेळ येणं आणि त्यातले मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. मशीन काही नाही त्यात. अंदाजपंचे रक्त मोजण्यात आपण सगळे कमीच मोजतो, मीही तीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टर बघितल्यात पाऊण लिटरला "नॉर्मल आहे" म्हणणाऱ्या, कारण अर्धं चादरीत मुरलेलं असतं.

मग महिन्यातून एकदा, न सांगता, रात्रपाळीत लुटुपुटीची केस लावा. दिवसा लावू नका, दिवसा सगळे हुशार असतात.

माझ्या बहिणीला एका खासगी हॉस्पिटलनं रक्त जात असताना "आधी डिपॉझिट भरा" म्हणून अर्धा तास बाकावर बसवलं. असं करता येतं का?

नाही. सुप्रीम कोर्टानं १९८९ च्या परमानंद कटारा केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं हे सरकारी असो खासगी असो, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं काम, बाकी सोपस्कार नंतर. १९९६ च्या पश्चिम बंगालच्या केसमध्ये सरकारी हॉस्पिटलनं इमर्जन्सी नाकारणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरवलं. महाराष्ट्रात तर २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, पुढच्या वेळी कुठं गेलात तर भिंतीकडं बघा.

पण त्या अर्ध्या तासात कायदा सांगत बसू नका. "तुम्ही हिला तपासलं आणि पैशासाठी थांबवलं असं लिहून द्या" एवढं शांतपणे मागायचं. बहुतेक वेळा स्ट्रेचर येतं. नाही आलं तर तिथूनच १०८. आणि सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, तपासण्या, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण, घरून न्यायला, एका दवाखान्यातनं दुसऱ्यात आणि परत घरी सोडायला गाडी, सगळं मोफत आहे. डिपॉझिटचा प्रश्नच येत नाही तिथं. तक्रार नक्की करा, पण वेळा लिहून करा, "फार वेळ बसवलं" याला कुणी विचारत नाही, "नऊ दहाला आलो, नऊ चाळीसला आत घेतलं" याला उत्तर द्यावं लागतं.

आम्ही पंचगंगेकाठचे. २०१९ ला आणि २०२१ ला गावाला वेढा पडला होता. यंदा जावेची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे. बोटी येतात की, मग एवढी काळजी करायची का?

करायची. बोट येते, पण कळा बोटीची वाट बघत नाहीत, आणि चालू कळांची बाई बोटीत चढवणं म्हणजे काय ते चढवणाऱ्यांना विचारा.

आपल्याकडं पावसाळ्यात लहान पोरंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ म्हणतात, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. तुम्ही ३९ ची वाट बघायची नाही. तोपर्यंत रत्नागिरी रोडला केर्लीजवळ, गगनबावडा रोडला मांडुकलीजवळ पाणी यायला लागलेलं असतं, आणि २०१९ ला हायवे शिरोलीत बंद पडला तेव्हा शहराच्या एका बाजूची माणसं दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नव्हती. म्हणून फक्त "कोल्हापुरात आणून ठेवू" असंही चालत नाही, जिथं बाळंतपण करायचं त्या हॉस्पिटलच्या बाजूलाच, मधे नदी न येता, मुक्काम हवा. जुलैच्या मध्यालाच हलवा जावेला. सोबत फाइल, सगळे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फायलीचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये.

गावच्या आशाताईंकडं पुढच्या दोन महिन्यांत तारीख असलेल्या सगळ्या बायकांची यादी असतेच. ती यादी जूनमध्येच सरपंच आणि पीएचसीच्या डॉक्टरांसमोर ठेवून कोण कधी कुठं हलणार हे नावानिशी ठरवलं तर बोटीवर येणाऱ्या केसेस अर्ध्याच काय, जवळजवळ उरणारच नाहीत.

आमच्या शेतावर मराठवाड्यातली ऊसतोडीची टोळी उतरलीय. एकीला आठवा महिना असावा, ती कोयता घेऊन फडात जातेच आहे. आमची काय जबाबदारी? — एक शेतकरी, शिरोळ

पत्र लिहिलंत हेच पुष्कळ जण करत नाहीत. तिचं कार्ड गावाकडं राहिलेलं असणार, तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या गावच्या आशाताईंना खोपीवर घेऊन जा आणि इथं नोंद करा, मोफत सेवेला जिल्हा कुठला हे आड येत नाही. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून, त्या दिवशी तिला स्वतः गाडीनं न्या, मुकादमाला सांगा की त्या दिवसाची तोड बुडाली तर मी बघतो. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, सातच्या खाली असेल तर ती कुठल्याही क्षणी इमर्जन्सी आहे असं समजा, थोडंसं रक्त गेलं तरी ती सोसू शकणार नाही.

रात्री तिचा नवरा कुणाला फोन करणार? त्याला तुमच्या मळ्याचा पत्ता सांगता येत नाही. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात गाव, फाटा, मळ्याचं नाव, तुमचा नंबर आणि १०८ लिहून खोपीत टांगा, आणि त्याला वाचता येत नसेल तर पाठ करून घ्या. ट्रॅक्टरवर बसवून आणू नका कुणी.

बाळ गाडीतच झालं तर?

गाडी कडेला घ्या, लाइट लावा, आणि घाबरलेल्या माणसाला १०८ ला फोन लावायला पाठवा म्हणजे तो मधे येणार नाही. बाळ कोरड्या कापडानं पुसा, चांगलं चोळून, पाठीवर हलकं चोळलं की बहुतेक बाळं रडतात, मग आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांवर पांघरूण. नाळ ब्लेडनं, विळीनं, कशानंच कापू नका, तशीच राहू दे. वार ओढायची नाही, आपोआप आली तर पिशवीत घालून सोबत आणा, आम्हाला ती बघावी लागते. बाळाला अंगावर पाजायला लावा, त्यानं गर्भपिशवी आकसते आणि रक्त कमी जातं. बेंबीखाली हात ठेवून बघा, गर्भपिशवी घट्ट गोळ्यासारखी लागायला हवी, मऊ लागली तर गोल गोल चोळत राहा दवाखान्यापर्यंत, बाळंतीण ओरडली तरी.

झटके आल्यावर कांदा हुंगवतात ते बरोबर का? चुलत बहिणीला आठव्या महिन्यात आले होते, घरच्यांनी चप्पलसुद्धा हुंगवली.

नाही हो. गरोदरपणातले झटके बहुतेक बीपीचे असतात, त्याला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन लागतं, ते दवाखान्यातच मिळतं. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर अजिबात नको, दात पडून घशात जातात. डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, झटका किती वाजता आला ते बघा आणि निघा. झटका थांबून ती शुद्धीवर आली, बोलायला लागली, पाणी मागितलं, तरी निघायचंच, सकाळची वाट बघायची नाही, दुसरा झटका सांगून येत नाही. आणि बाळंतपण झालं म्हणजे सुटलो असंही नाही, झटके नंतरच्या दिवसांतही येतात, तेव्हा बाळंतिणीनं डोकं फार दुखतंय म्हटलं की आधी बीपी बघा, चहा-बाम नंतर.